देवाआधीचे पोहे

आषाढ सरत आला होता. मी मुरबाडच्या बाजाराला सुकट आणायला गेले होते. एवढंच काम. भाताची आवणी उरकली होती, शेतात बांध फुटला का नाही एवढं बघायचं, आणि घरात राहीला तिसरा महिना लागला होता.

राही म्हणजे माझ्या भाच्याची, देवजीची बायको. खर्डीकडची पोर. लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते. दोन दिवस तिचं जेवणाकडं मन नव्हतं. "सुकटीची चटणी खाशील का?" विचारलं तर मान हलवली. मग मी निघाले. सहा मैल जायला, सहा मैल यायला, डोक्यावर इरलं, पायाखाली चिखल. साल अडतीस. तेव्हा मी पस्तिशीची होते आणि सहा मैलांचं मला काही वाटत नसे.

मी सकुबाई. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, पोटी काही नाही, तेव्हापासून भावाच्या घरी. दादा, म्हणजे महिपत, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वहिनी देवजीला पाच वर्षांचा ठेवून गेली. त्याला मी वाढवलं. चूल माझी, उखळ माझं. चौथी शिकले आहे म्हणून मला कुणी फसवत नाही, आणि तोंडाची फटकळ आहे म्हणून कुणी माझ्यासमोर फार वेळ बसत नाही. हे आधीच सांगते. म्हणजे पुढं मी घाबरले असं लिहीन तेव्हा ते खरं माना.

घरी येऊन सुकट निवडली, भाजली, लसूण-मिरची घालून पाट्यावर वाटली. तांदळाची भाकरी थापली. राहीनं घास तोंडाशी नेला आणि तशीच उठून मागच्या दारी पळाली.

यात नवल नाही. पोटुशी बाई ओकते. म्हटलं, सुकट सोसत नसेल. दुसऱ्या दिवशी कुळथाचं पिठलं केलं, तेही ओकली. भात-ताक दिलं, तेही. मग एकदा नुसतं पाणी मी हंड्यातून ओतून दिलं. एक घोट घेतला आणि तोही बाहेर.

शेजारची गोजर सुईण. माझ्याच वयाची, आमचं भांडण आणि मैत्री दोन्ही जुनी. तिनं आपल्या घरची नाचणीची आंबील आणली. राही घटाघटा प्यायली. दुसऱ्या दिवशी गोजरनं भाकरी आणि वालाचं कालवण आणलं. राहीनं बोटं चाटली.

"तुझ्या जिभंचं तिखट हाताला उतरलंय गो सकू," गोजर हसली. "पोरीला सोसंना."

"आणि तुझ्या हाताला काय मध लागलाय?"

"मना काय ठावं. ती खातेय, तू बघ."

मला राग आला. वहिनी गेल्यापासून चौदा वर्षं या घरातल्यांनी माझ्या हातचं खाल्लं होतं. म्हटलं ही नखरे करते. एक दिवस मी घरी कालवण रांधलं आणि गुपचूप मागच्या दारानं गोजरकडं दिलं. तिच्या टोपात ओतलं, तिच्या थाळीत वाढलं. ती थाळी पदराखाली झाकून पुढच्या दारानं आली. राही खांबाला टेकून बसली होती. थाळी अजून उंबऱ्याबाहेर होती, तोच तिनं नाक दाबून धरलं.

"गोजरकाकी, ते नको. त्याला आत्यांचा हात लागलाय."

गोजरचं हसू गेलं. तिनं थाळी परत नेली आणि त्या दिवशी माझी थट्टा केली नाही. मी चुलीपुढं बसून रडले. वाईट वाटून नाही, संतापानं.

भाद्रपद लागला तशी राहीला गोजरच्या हातचंही जाईना. मग कुणाच्याच हातचं जाईना. तिच्या आईला खर्डीहून बोलावलं, ती आठ दिवस राहून डोळे पुसत गेली. मुरबाडच्या डॉक्टरनं लाल औषधाची बाटली दिली. भगतानं लिंबू दिलं. लिंबू तेवढं तिनं चाखलं. अंगावरचं मांस उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. देवजी तेव्हा आसनगावला रेल्वेच्या रुळांवर मजुरीला होता, आठवड्यानं घरी यायचा. यायचा, बायकोकडं बघायचा आणि पडवीत जाऊन पाठ करून बसायचा.

गोजरनं एक दिवस तिचं पोट चाचपलं आणि मला बाहेर नेलं.

"सकू, महिना पाचवा चालू हाय आणि पोट तिसऱ्याचं हाय. पोर हाय जितं. पण आईच्या अंगात त्याला द्यायला काय उरलं नाय."

"किती दिवस?"

"पंधरा. फार तर वीस. मग दोगंबी..."

राही मागायची एकच गोष्ट. पोहे. त्यात काय मोठं? मी गोजरला जुन्या भाताचे पोहे कांडायला लावले. राहीनं ते नाकाशी नेले आणि बाजूला सारले.

त्यानंतर दोन दिवसांनी. भर दुपार. पाऊस उघडला होता, ऊन असं पडलं होतं की अंगणातून वाफ निघत होती. दादा रानात. घरात आम्ही दोघीच. राही घोंगडीवर पडली होती, मी तिचे तळपाय चोळत होते. पायांना माझा हात चालायचा. फक्त तोंडाला चालत नव्हता.

"राही, बाय माझी, काय खावंसं वाटतं ते सांग. डोंगरापल्याडचं असलं तरी आणते."

"पोहं..."

"दिलं की गो परवा."

"ते जुन्या भाताचं. नव्या भाताचं दे. ऊन ऊन... उखळातलं."

दे म्हणाली. ती मला कायम 'आत्या, द्या' म्हणायची. मी म्हटलं, अशक्त आहे, शब्द घसरला.

"नवं भात अजून दूध धरतंय. आणि पिकलं तरी देवाचं नवं झाल्याबिगर तोंडात घालत नाय. तुझ्या माहेरी पाळत नाय काय?"

राहीनं डोळे उघडले. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. तिच्या पायांवर माझे हात होते, त्या हातांकडं बघितलं.

"देवाला काय बाय," ती म्हणाली, "तो पुढल्या वर्षीबी खाईल."

मी हात काढून घेतला.

राही लगेच म्हणाली, "आत्या, थांबलात का? बरं वाटत व्हतं." आवाज तिचाच. भोळा. आपण आत्ताच काय बोललो ते तिला ठाऊक नव्हतं. पण मी ते वाक्य आधी एकदा ऐकलं होतं, याच घराच्या अंगणात, आणि तेव्हा ते ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. राही तर लग्न होऊन आलीही नव्हती.

ते आता सांगायला हवं.

आमच्याकडं नवं भात आलं की त्याचा पहिला दाणा गावदेवीला. तिच्या आधी कुणी खायचं नाही, पोरांनीही नाही. दिवस गावकी ठरवते, आणि पहिला नैवेद्य आमच्या घरचा. हा मान आजोबांपासूनचा. नैवेद्याचे पोहे मी कांडते. भात रात्री भिजवायचं, सकाळी खापरात भाजायचं आणि गरम असतानाच उखळात घालायचं. तो वास फार लांब जातो.

आदल्या वर्षीच्या आश्विनात मी अशीच दुपारी पडवीत कांडत होते. अंगणाच्या बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी, एक बाई येऊन उभी राहिली. घाटावरून कोळशाच्या भट्ट्यांवर बिऱ्हाडं येतात, त्यांतली. सातवा तरी महिना असेल. ओठांच्या कडा काळ्या होत्या. मला कळलं, ही कोळसा खाते. त्या दिवसांत काही बायकांना कोळसा लागतो, काहींना चुलीतली भाजकी माती.

"बाय, वास आला म्हून चढून आले. मूठभर दे गो."

मी म्हटलं, हे देवीचं आहे. तिला मी हाकललं नाही, हे लक्षात ठेवा. आत जाऊन मी पानावर भात आणि कालवण घेऊन आले, बेड्यापाशी ठेवलं. तिनं हात लावला नाही.

"माझ्या तोंडात दुसरं जात नाय. आठ दिस झालं. हेच दे."

"परवा देवीचं हाय. परवा ये, टोपलीभर देते."

तेव्हा ती म्हणाली, "देवाला काय बाय, तो पुढल्या वर्षीबी खाईल."

माझं डोकं फिरलं. मी पुन्हा मुसळ हातात घेतलं होतं, ते उचललं. मारायला नाही, पण उचललं. "देवीच्या नावानं असं बोलतेस? चालती हो." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. मुसळ धरलेल्या हाताकडं बघत राहिली. मग वळली आणि उतार उतरून गेली. पान तिथंच. कावळ्यांनी खाल्लं.

देवीचं झाल्यावर मी खरंच तिच्यासाठी सूपभर पोहे बाजूला ठेवले. ती आली नाही. देवजीनं बातमी आणली की भट्टीवरची रंगू नावाची बाई गेली, पोटातल्या पोरासकट, दोन दिवस झाले. सुपातले पोहे मी कोंबड्यांना घातले. कुणाला बोलले नाही. मी काही चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही. नेम होता, तो पाळला. आजही कुणी दोष दिला तर मी भांडेन.

पण राही ते वाक्य बोलली त्या दुपारनंतर मी रोज शेतात जायला लागले.

मुरमाडातल्या वरच्या खाचरात हळवं भात होतं, ते सगळ्यांत आधी पिकायचं. मी सकाळी लोंबी चिमटीत धरून दाबायची. दूध निघायचं. घरी येऊन राहीचे डोळे बघायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा लोंबी. दूध घट्ट होत होतं आणि घरात पोर विरत होती. कुणाची घाई आधी पुरी होते, मला कळेना. आश्विनातल्या पाचव्या दिवशी दाणा दाताखाली कुटकन मोडला.

घरी आले. दादा गाय सोडत होता.

"दादा, वरचं हळवं पिकलं. मी चार मुठी कापणार."

"गावकीनं दिवस दिलाय. दसऱ्यानंतरचा मंगळवार. तवर विळा लागायचा नाय."

"अकरा दिवस हायेत. पोरगी तीन काढंल का नाय, गोजरला विचार."

"आपल्या घरचा मान हाय सकू. आपणच मोडला तर गाव..."

"मग मान घेऊन बस डोक्यावर. तिरडी देवजी उचलंल."

दादानं माझ्याकडं बघितलं. त्याला मी का अडून बसले आहे ते सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नाही. खुंटीवरचा विळा काढला, माझ्या पायापाशी टाकला आणि गाय घेऊन रानात गेला. संध्याकाळपर्यंत परतला नाही.

भात मी त्याच दिवशी झोडून भिजवलं. दुसऱ्या दिवशी गाव गवताला जाईपर्यंत थांबले. दुपार झाली. वाडीत चिटपाखरू नव्हतं. खापर तापवलं, दाणे तडतडले, वास उठला. उखळात ओतलं आणि मुसळ घेतलं.

कांडण हे दोघींचं काम. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. एकटीनं कांडलं तर मध्ये जागा रिकामी राहते, तेवढ्यात दम घ्यायचा. धप्, मग काही नाही. धप्, मग काही नाही. आठ-दहा घाव झाले असतील. मग माझ्या लक्षात आलं की रिकामी जागा राहत नाहीये.

धप्, धप्. धप्, धप्.

मी मुसळ वर धरलं, खाली आणलंच नाही. एक घाव पडला. उखळातले पोहे उडाले, दोन माझ्या पायावर पडले. गरम.

पळून जावंसं वाटलं, खरं सांगते. पण आत पोर पडली होती. आणि पोहे अर्धे झाले की सोडता येत नाहीत, गार होऊन कडक होतात. मी मुसळ खाली आणलं. मग समोरचा घाव. मग माझा. मी उखळाकडंच बघत राहिले, वर मान केली नाही. समोरची बाई कसलेली होती, तिचा घाव कधी चुकला नाही. नव्या भाताच्या वासात दुसरा एक वास यायला लागला, भट्टीवर पाणी ओतून विझवल्यावर येतो तो. ओल्या कोळशाचा.

झाले तेव्हा दोन्ही घाव एकदमच थांबले.

सुपात पाखडून सागाच्या पानावर पोहे घेतले. राहीकडं नेले नाहीत. आधी बेड्यापाशी गेले. तिथं कुणी नव्हतं. पान खाली ठेवणार होते, पण मागच्या वेळी खाली ठेवलेल्याला तिनं हात लावला नव्हता. म्हणून मी पान डाव्या हातावर घेतलं, उजव्या हाताची मूठ भरली आणि पुढं केली.

"घे बाई," मी म्हटलं. "देवीच्या आधी घे... माझ्या हातचं घे."

हात पुढं करून उभी राहिले. तळव्याला काही लागलं नाही. वारासुद्धा नव्हता. पण माझ्या पाठीमागून आवाज आला. चावण्याचा. भुकेलं माणूस चावतं तसा, घाईचा, मचमच.

मागं बघितलं. राही, जिला महिनाभर धरून उठवावं लागे, ती दाराच्या चौकटीत बसली होती. डोळे मिटलेले. तोंडात काही नाही. जबडा हलत होता, गळ्याची हाडं वरखाली होत होती. घास गिळत होती. मी मोजले नाहीत, पण बराच वेळ. शेवटी तिनं ढेकर दिली.

"आत्या," ती म्हणाली, "पाणी द्या वो."

मी मूठ उघडली. पोहे होते तेवढेच होते. दोन बोटांत एक चुरून बघितला तर नुसता कोंडा. पानावरचेही तसेच, फुंकर मारली तर उडाले. मी आत जाऊन पाणी ओतलं आणि राही माझ्या हातचं तांब्याभर पाणी प्यायली. संध्याकाळी माझ्या हातचा भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी सुकटीची चटणी मागितली.

अवेळी उखळ वाजल्याचं लोकांनी ऐकलं होतंच. चौघींनी गोजरला विचारलं. ती म्हणाली, "सकू चिडली का मुसळ आपटते. यात नवं ते काय?" तेवढ्यावर भागलं. मंगळवारी दादानं देवीला नैवेद्य दाखवला. मी देवळात गेले नाही.

माघात राही मोकळी झाली. मुलगी. अंगानं भरलेली, डोळे उघडे. गोजरनं तिला पुसून राहीच्या छातीशी दिलं. पोरीनं मान फिरवली. पुन्हा दिलं, पुन्हा फिरवली. रडत नव्हती. नुसती तोंड मिटून होती.

"पहिल्या दिशी होतं असं," गोजर म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. राहीची छाती दाटून दगड झाली, ताप भरला, लुगडं दुधानं भिजलं. शेळीच्या दुधात वात बुडवून लावली, गोजरनं मधाचं बोट लावलं, राहीच्या आईनं लावलं. पोर तोंड उघडेना. तिसऱ्या दिवशी तिची टाळू आत गेली. मी न्हाणीशी राख-पाणी बघत होते, मला हाक आली तशी ओल्या हातानं आत गेले. वाटीतल्या राहीच्या दुधात करंगळी बुडवली आणि पोरीच्या ओठांना लावली.

तिनं करंगळी ओढून घेतली. इतक्या जोरानं की माझ्या कोपरापर्यंत कळ आली.

गोजर माझ्याकडं बघत होती. तिला मी पोह्यांचं सगळं सांगितलं होतं, तिला एकटीलाच.

पोरीचं नाव बाईजा ठेवलं. ती माझ्या बोटावर वाढली. राही दूध पिळून द्यायची, मी पाजायची. लोक म्हणाले, सकुबाईचं नशीब, पोटी नव्हतं ते पदरात आलं. मलाही आधी गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. पण राहीला गोड वाटत नव्हतं.

"आत्या, पोर माझंय का तुमचं?"

"तुझंच गो."

"मग माझ्या हातचं का घेत नाय? मी काय केलंय तिला?"

याला माझ्याकडं उत्तर होतं आणि ते मी देऊ शकत नव्हते.

बाईजा चार वर्षांची झाली तेव्हा मी मुद्दाम शहापूरला नणंदेकडं जाऊन राहिले. म्हटलं, भूक लागली की झक मारत खाईल. चौथ्या दिवशी देवजी धावत आला. पोर चार दिवस पाण्यावाचून होती. रडली नाही, मागितलं नाही. बेड्यापाशी मांडी घालून बसली होती. मी पोचले तेव्हा ओठ फुटले होते. माझ्यावर रागावली नाही, बिलगली नाही. नुसता आ केला.

तेव्हापासून मी गाव सोडलं नाही. लग्नाला नाही, कुणाच्या मातीलाही नाही. बाईजा हसते, खेळते, पाठच्या भावाला कडेवर घेते, शाळेत तिसरीत आहे, पाढे माझ्यापेक्षा चांगले येतात. घास मात्र माझ्या हातचा. एक भीती मला रोज होती, की मी मेले तर ही जगायची कशी. राहीलाही तीच होती. त्या एका भीतीमुळं आम्ही दोघी पुन्हा एकमेकींशी नीट बोलायला लागलो.

यंदा श्रावणात मला ताप आला. उतरेना. नागपंचमीनंतर एके दुपारी माझा श्वास लागला. मला चुलीपाशी जमिनीवर घेतलं, तोंडात पाणी घातलं. मला सगळं कळत होतं. गार वाटत होतं, बरं वाटत होतं. तेवढ्यात दारातून बाईजा म्हणाली, "सकूआत्या, भूक लागली." माझा उजवा हात उठला. मी उठवला नाही. हात उठला म्हणून मग मी उठले. भात कालवला, तिला भरवलं. ताप उतरला होता.

आठ दिवसांनी पुन्हा तसंच.

तिसऱ्या वेळेचं मला आठवत नाही. गोजरनं सांगितलं ते लिहिते. भाद्रपदाचे पहिले दिवस. सकाळी माझा श्वास थांबला. गोजरनं नाकाशी कापूस धरला, हलला नाही. अंग गार पडलं. दादानं देवजीला लाकडांना पाठवलं. राही हंबरडा फोडून रडत होती. बाईजा शाळेतून आली, पाटी ठेवली, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "भूक लागली." गोजर म्हणते, मी उठून बसले. डोळे अर्धे मिटलेले. राहीनं घाबरून पुढं सारलेल्या थाळीतला भात मी कालवला आणि घास घास करून पोरीला भरवला. सगळे भिंतीला चिकटून बघत होते.

पोटभर झाल्यावर बाईजानं माझा हात आपल्या फडक्यानं पुसला.

"आज घास गार लागला," ती म्हणाली. "असू दे. गारबी चालंल. तू फक्त देत राहा."

आता दीड महिना झाला. मी हिंडते-फिरते, चूल पेटवते, दादाशी भांडते. गोजर अजून येते, पण माझ्या हाताला हात लावत नाही. बाईजाला भरवताना टोचू नयेत म्हणून मी दर आठवड्याला नखं काढत असे. भाद्रपदापासून काढलेली नाहीत. रोज सकाळी उजेडात हात धरून बघते. वाढलेली नाहीत.